कल्पित राज्याची वर्गणी

मासिक वर्गणी भरल्यावाचून ज्याच्या वेशीत पाऊल टाकता येत नाही, असा एखादा नवा अद्भुतरम्य ऑनलाइन खेळ लवकरच सुरू होणार असल्याची वार्ता पसरली, म्हणजे तरुणांच्या एका मोठ्या वर्गात जी उत्सुकता संचारते तिच्याकडे वडीलधारी मंडळी बहुधा दोनच दृष्टींनी पाहतात. हा वेळेचा अपव्यय आहे असे काहींना वाटते, तर फुकट खेळता येण्याजोगे शेकडो खेळ मोबाइलवर उपलब्ध असताना दरमहा पैसे मोजणे हा शुद्ध अव्यवहार आहे असे इतरांना वाटते. यांतल्या पहिल्या आक्षेपाचा विचार पुढे करू. परंतु दुसरा आक्षेप मात्र मला मुळातच उलटा वाटतो. कल्पित जगात रमण्याची हौस ज्याला आहे त्याने त्या जगाचे मोल उघडपणे, ठरलेल्या रकमेने आणि ठरलेल्या मुदतीने चुकते करावे, यातच त्याचे हित आणि त्याची प्रतिष्ठा आहे. मात्र ज्याने वर्गणी भरली त्याला वर्गणीदाराचे हक्कही मिळाले पाहिजेत, आणि त्या वर्गणीची मुदत व हप्ता यांची रचना केवळ महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याच्या सोयीने न होता यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरसारख्या तालुक्यातल्या, हंगामावर जगणाऱ्या माणसाच्याही सोयीने झाली पाहिजे, असे मला प्रतिपादन करावयाचे आहे.

या खेळांचे स्वरूप ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. बुद्धिबळाचा डाव संपला की पट गुंडाळून ठेवता येतो. पण या खेळातले जग कधीच गुंडाळले जात नाही. खेळणारा योद्धा, मांत्रिक, वैद्य, कारागीर अशी एखादी भूमिका पत्करतो, आणि जगाच्या निरनिराळ्या देशांतले सहस्रावधी लोक त्याच वेळी त्याच भूमीवर आपापल्या भूमिका वठवीत असतात. हा झोपी गेला तरी तिथला बाजार चालू राहतो, तिथल्या लढाया थांबत नाहीत, आणि ज्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या जथ्यात, तो सामील झालेला असतो तिला त्याची अनुपस्थिती जाणवते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ साली केवळ शब्दांनी रचलेल्या एका जगापासून या प्रकाराचा आरंभ झाला, १९९७ साली ‘अल्टिमा ऑनलाइन’ने आणि १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ने मासिक वर्गणीची वहिवाट रूढ केली, आणि २००४ सालच्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० साली एक कोटी वीस लाखांवर गेले. अशा जगाचे सर्व्हर अहोरात्र चालू ठेवावे लागतात, तंटे सोडवावे लागतात, लबाडी करणाऱ्यांचा बंदोबस्त करावा लागतो आणि नवनवे प्रदेश निर्माण करावे लागतात. तेव्हा एकदाच घेतलेल्या किमतीत हा संसार चालणे कठीण, आणि वर्गणी ही त्याची स्वाभाविक उपजीविका ठरते.

अद्भुताची वर्गणी ही मराठी माणसाला काही परकी गोष्ट नव्हे. १८६१ सालच्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून आणि पुढे रिसबुडांच्या ‘मंजुघोषे’पासून नाथमाधवांच्या ‘वीरधवला’पर्यंत आपल्या कादंबरीच्या बाल्यावस्थेचा मोठा भाग अद्भुतानेच व्यापलेला आहे; आणि हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केल्यावर कथा क्रमशः वाचण्याची, एका प्रकरणावरून दुसऱ्या प्रकरणापर्यंत जीव टांगणीला लावून घेण्याची जी सवय वाचकांना जडली, ती पुढे नियतकालिकांनी कित्येक पिढ्या जोपासली. १९५२ साली मराठीत अवतरलेला ‘चांदोबा’ आणि अनंत अंतरकरांचे ‘नवल’ यांची वाट पाहण्यात ज्यांचे बालपण वा तारुण्य गेले, त्यांना या प्रतीक्षेची चव समजावून सांगावयास नको. मनिऑर्डरने वर्गणी रवाना करायची, पोष्टमन वस्तीच्या तोंडाशी दिसला की धावत जायचे, कागदी वेष्टन फाडून आधी वेताळाच्या गोष्टीचे पान काढायचे, आणि वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळू लागला की पुढील अंकाच्या प्रतीक्षेस प्रारंभ करायचा, हा क्रम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी अनुभवला आहे. त्या वर्गणीला कोणी उधळपट्टी म्हटले नाही. आजच्या तरुणाची उत्सुकता त्याच जातीची आहे. भेद एवढाच की तो केवळ वाचक नाही, त्याला त्या कथेतले एक पात्र होता येते.

आता ‘फुकट’ या शब्दाने ज्यांची समजूत पटते त्यांनी त्या फुकटेपणाचा ताळेबंद एकदा मांडून पाहावा. जो खेळ प्रवेशासाठी काहीच घेत नाही तो आपला खर्च कुठून तरी वसूल करणारच, आणि तो वसूल करण्यासाठी त्याला खेळणाऱ्याच्या अधीरतेवर, ईर्ष्येवर आणि दुर्बलतेवर डोळा ठेवावा लागतो. दहा मिनिटांत होणारे काम मुद्दाम दहा तासांचे करायचे आणि तो विलंब टाळण्यासाठी पैसे मागायचे. बंद पेटी विकायची आणि तिच्यातून काय निघेल हे नशिबावर सोपवायचे. पन्नास रुपयांच्या, शंभर रुपयांच्या फुटकळ खरेद्यांत एकूण आकडा नजरेआड करायचा, असे हे तंत्र आहे. अशा नशिबाच्या पेट्यांना बेल्जियमने २०१८ साली जुगाराच्या कायद्याखाली आणले ते उगाच नव्हे. वर्गणीच्या खेळाला या क्लृप्त्यांची गरज तुलनेने कमी भासते, कारण त्याची प्राप्ती खेळणारा चिडून पैसे टाकतो की नाही यावर अवलंबून नसून तो पुढील महिन्यात संतुष्ट राहून परत येतो की नाही यावर अवलंबून असते. काही चालक वर्गणीही घेतात आणि दुकानही मांडतात हे खरे, आणि ते निंद्यच आहे. पण त्यामुळे तत्त्व खोटे ठरत नाही.

आपल्या संसदेनेही हा भेद मानला आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या अधिनियमाने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. परंतु ज्या खेळात मनोरंजन वा कौशल्य एवढाच हेतू आहे आणि ज्यात घेतली जाणारी रक्कम केवळ वर्गणी वा प्रवेशशुल्क आहे, पणाची रक्कम नाही, अशा खेळाला त्याच कायद्याने मोकळीक दिली. डावावर लावलेला रुपया आणि नाटकाच्या तिकिटाला दिलेला रुपया यांतला फरक आपल्या वाडवडिलांना कायद्यावाचून कळत होता. आता तो दप्तरी नोंदला गेला, हे उत्तम झाले.

वर्गणीचा नैतिक गुण कोणता, हे एका उदाहरणाने विशेष स्पष्ट होते. ‘फायनल फँटसी’ या विख्यात जपानी मालिकेतला चौदावा खेळ २०१० साली सुरू झाला तेव्हा तो इतका सदोष निघाला की चालकांना जाहीर माफी मागावी लागली. आणि केवळ माफीवर न थांबता, खेळ वर्गणीच्या योग्यतेस पोहोचेपर्यंत वर्गणी घेणेच त्यांनी कित्येक महिने तहकूब ठेवले. नाओकी योशिदा या नव्या सूत्रधाराने त्या जगाची पुनर्रचना पत्करली, जुने जग २०१२ साली बंद झाले, आणि २०१३ च्या ऑगस्टात तेच जग नव्या रूपात उभे राहिले ते आजतागायत चालू आहे. ज्याची रक्कम दरमहा नव्याने मागावयाची असते त्याच्यापुढे मालकालाही मान तुकवावी लागते. एकदाच रक्कम घेऊन मोकळा झालेला विक्रेता इतका नम्र सहसा होत नाही.

तथापि वर्गणी हे काही सर्व रोगांवरचे औषध नव्हे, आणि प्रतीक्षा करणाऱ्याने दुसऱ्या बाजूचा इतिहासही ध्यानी ठेवला पाहिजे. ‘वाइल्डस्टार’ हा खेळ २०१४ साली मोठ्या गाजावाजाने वर्गणीवर सुरू झाला, पुढच्याच वर्षी त्याला वर्गणी सोडून द्यावी लागली आणि २०१८ साली तो कायमचा बंद पडला. ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळाचे जग तर आठ वर्षे नांदून २०१२ सालच्या नोव्हेंबरअखेर मालकांच्या एका निर्णयाने मिटवले गेले, आणि ज्यांनी तिथे वर्षानुवर्षे भूमिका जोपासल्या, मैत्री जोडली, त्यांच्या विनंत्या फोल ठरल्या. ‘ॲशेस ऑफ क्रिएशन’ या वर्गणीच्या खेळासाठी २०१७ साली लोकांनी बत्तीस लाखांहून अधिक डॉलर आगाऊ जमा करून दिले, आणि त्यानंतर मुदतीमागून मुदती टळत गेल्या. यावरून निघणारा बोध साधा आहे: वाट पाहावी, पण आगाऊ रक्कम देऊन स्वतःला बांधून घेऊ नये. जे अस्तित्वात आहे त्याची वर्गणी रास्त होय. जे केवळ घोषित झाले आहे त्याला वर्गणी देणे म्हणजे उभ्या न राहिलेल्या पिकाचा सौदा करणे होय, आणि असल्या सौद्याचा परिणाम कापसाच्या मुलखाला निराळा सांगावयास नको.

कापसाचा उल्लेख मी सहेतुक केला. केळापूर हे नाव तालुक्याचे, त्याची तहसील कचेरी पांढरकवड्याला. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो, केळापूरच्या जगदंबेला नवरात्रात भाविकांची रीघ लागते, आणि टिपेश्वरच्या अभयारण्यामुळे वाघ पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. पण इथल्या बहुसंख्य घरांचे अर्थकारण कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर चालते, आणि पैसा घरात येतो तो दर महिन्याच्या एक तारखेला नव्हे, तर वेचणी होऊन गाडी जिनिंगवर लागली म्हणजे. एखाद्या नामांकित विदेशी खेळाची मासिक वर्गणी पंधरा डॉलर, म्हणजे २०२५ च्या विनिमयदराने सुमारे तेराशे रुपये पडते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला आठ हजार एकशे दहा रुपये होता. त्या हिशेबाने ती वर्गणी म्हणजे सोळा किलो कापूस, किंवा रोजगार हमीच्या त्याच वर्षीच्या तीनशे बारा रुपये मजुरीने चार दिवसांहून अधिक श्रम. न्यू यॉर्कमधल्या नोकरदाराला जी रक्कम एका जेवणाची वाटते तीच रक्कम पाटणबोरीच्या शेतकऱ्याच्या मुलाला फवारणीच्या औषधाशी ताडून पाहावी लागते. आणि एकाच रकमेला समानता समजणे ही मोठी विषमता आहे.

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. चीनमध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची वर्गणी अकरा वर्षे महिन्याच्या हिशेबाने नव्हे, तर खेळलेल्या वेळेच्या हिशेबाने घेतली जात होती; आगाऊ घेतलेल्या कार्डातून जेवढे तास खेळावे तेवढीच वजावट होई, आणि २०१६ साली तिथे मासिक पद्धत आली. आपल्याकडे मोबाइलचे रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचेही मिळते आणि एका दिवसाचेही. गरीब गिऱ्हाईक त्यामुळे आपल्या ऐपतीप्रमाणे मुदत निवडू शकते. मग नव्या खेळाच्या चालकांनी तासांची, आठवड्याची, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत चालणारी हंगामी वर्गणी का ठेवू नये? ज्याच्या घरी पेरणीच्या दिवसांत एक रुपया मोकळा नसतो आणि ज्याला त्या दिवसांत खेळायला सवडही नसते, त्याने आषाढातली वर्गणी का भरावी? पेरणीच्या काळात त्याची भूमिका, त्याची कमाई, त्याचे गिल्डमधले स्थान दप्तरी सुरक्षित राहावे आणि कापूस विकल्यावर त्याने सन्मानाने परत यावे, एवढी व्यवस्था यंत्राला अशक्य नाही. ती सुचण्यासाठी फक्त मुंबई-बंगळूरच्या पलीकडे पाहणारी दृष्टी हवी.

वर्गणीदाराच्या हक्कांविषयी आपल्या गावांना बाहेरून शिकण्यासारखे फारसे नाही, कारण वर्गणीचे उत्तम शिक्षण गावातल्या उत्सवमंडळांनीच दिलेले आहे. नवरात्र जवळ आले की मंडळाची पोरे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. कोणी एकावन्न देतो, कोणी पाचशे एक देतो, एखादी म्हातारी अकरा रुपयांच्या नोटा-नाणी पदरातून सोडून देते. आणि प्रत्येकाच्या नावाची पावती फाडली जाते. उत्सव संपला की जमाखर्चाचा कागद मांडवात लागतो: मूर्तीचे इतके, मांडवाचे इतके, महाप्रसादाचे इतके, शिल्लक इतकी. अकरा रुपये देणारी म्हातारीही त्या कागदापुढे उभी राहून ‘विजेचे एवढे कसे झाले रे?’ असे विचारू शकते, आणि मंडळाच्या अध्यक्षाला उत्तर द्यावे लागते. ऑनलाइन खेळाच्या वर्गणीदाराला आज हा हक्क नाही. आपल्या पैशातला किती भाग नव्या प्रदेशांवर, किती भाग सुरक्षिततेवर आणि किती भाग जाहिरातीवर गेला हे त्याला ठाऊक नसते; आणि ज्या जगासाठी त्याने वर्षानुवर्षे वर्गणी भरली ते जग पूर्वसूचनेच्या एका पत्रकाने नष्ट करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकाला द्यावी लागते, हे योग्य पाऊल होय. पण कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना ज्याला मिळते त्याला मोडल्या जाणाऱ्या जगाची सूचनाही पुरेशा मुदतीने मिळावी, आणि चालकाला ते जग नकोसे झाल्यास खेळाडूंच्या मंडळाने ते स्वतःच्या खर्चाने चालवावे अशी सवलत करारातच असावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

आता वेळेच्या अपव्ययाच्या पहिल्या आक्षेपाकडे वळतो. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले, तिथल्या तरुणाने खोट्या राज्यात खोटी तलवार घेऊन हिंडावे हे पलायन नव्हे काय, असा प्रश्न गंभीर माणसे विचारतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खेळाचे व्यसन हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या रोगवर्गीकरणात मान्य केले आहे; ज्याची झोप, शिक्षण आणि माणसे त्या खेळापायी सुटत चालली त्याला आवरलेच पाहिजे. परंतु कल्पित भूमिका धारण करणे हेच मुळी पलायन आहे असे म्हणणाऱ्याने आपल्या तालुक्याकडे जरा निरखून पाहावे. दिवाळीच्या सुमारास गोंड व कोलाम वस्त्यांत दंडार उभी राहते; दिवसा नांगर धरणारा रात्री सोंग घेतो, पुरुष स्त्रीची भूमिका करतो; आणि पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत मोरपिसांचा मुकुट चढवलेले घुसाडी नर्तक आपले व्रत पुरे होईपर्यंत त्या भूमिकेचे कडक नियम पाळतात, गावोगाव पाहुणे म्हणून जातात, आणि यजमान गाव त्यांचे अन्नपाणी करते. परधान गायक किकरी घेऊन आपल्या गोंड यजमानाच्या दारी येतो, गजाच्या एकेका फटकाऱ्यासरशी गोंडांच्या आदिपुरुषाची, लिंगोची, आणि देवांची कथा उलगडतो, यजमानाच्या कुळाची वंशावळ म्हणतो, आणि धान्य, वस्त्र वा पैसा हे दान भिक्षा म्हणून नव्हे तर हक्क म्हणून स्वीकारतो. हा संबंध एका पिढीचा नसून वंशपरंपरेचा असतो. कथेला पोसणारे घर आणि कथा सांभाळणारा गायक यांच्यातला हा करार कोणत्याही स्टॅम्पपेपरावर लिहिलेला नव्हता, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, आणि त्यामुळेच गोंडांचे विशाल कथाविश्व अक्षराच्या आधारावाचून टिकले.

या लोकांना दुष्काळ ठाऊक नव्हता काय? सावकार, जप्ती, जंगलखात्याचा जाच ठाऊक नव्हता काय? सगळे ठाऊक असून त्यांनी सोंग घेतले, कारण भूमिका धारण करणारा मनुष्य काही काळ आपल्या परिस्थितीच्या बाहेर उभा राहतो आणि त्याला आपले सामर्थ्य निराळ्या मापाने मोजता येते. ऑनलाइन खेळातल्या जथ्यात चाळीस माणसांचे नेतृत्व करणारा, घाई करणाऱ्याला थोपवणारा, जखमींकडे आधी लक्ष देणारा एखादा तरुण जर प्रत्यक्षात पांढरकवड्याच्या चौकात बेकार बसलेला असेल, तर दोष त्याच्या खेळात शोधावा की त्याच्या नेतृत्वाला वाव न देणाऱ्या व्यवस्थेत, याचे उत्तर आक्षेपकांनी द्यावे. दंडारीत आणि या खेळात जो खरा फरक आहे तो वेगळाच आहे: दंडार आपली होती, तिचे जग आपल्या रानातून उगवले होते, आणि आजच्या अद्भुत खेळांतली राज्ये, राक्षस आणि वृक्ष बहुतांशी युरोपच्या मध्ययुगातून आलेले असतात.

हा फरक कायमचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर उभारलेला खेळ जगापुढे आणला. त्यासाठी २०१७ साली त्यांनी मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नव्हती, तरी त्यांनी काम सोडले नाही. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’ हा भारतीय कल्पनेचा युद्धखेळ प्रसिद्ध केला. हे दोन्ही खेळ वर्गणीच्या जातीचे नव्हेत, आणि सहस्रावधी माणसांना एकत्र नांदवणारे कायमचे जग उभारणे हे त्याहून कितीतरी कठीण व खर्चाचे काम आहे. परंतु कौशल्य महाराष्ट्रात आहे, कथा महाराष्ट्रात आहेत, आणि अशा कथांना पोसण्याची परंपरा केळापूरच्या वस्त्यांत तर फारच जुनी आहे. लिंगोच्या कथेतले जग खेळात येईल तेव्हा ती कथा पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या परधान कुटुंबांना त्या वर्गणीतला रीतसर वाटा मिळावा, त्यांची संमती घेतली जावी, आणि त्यांच्या देवतांचे बाजारीकरण होऊ नये, ही अट मात्र पहिल्या दिवसापासून करारात असली पाहिजे.

तेव्हा नव्या खेळाची वाट पाहणाऱ्या तरुणांना माझे सांगणे असे की तुमची उत्सुकता लपवू नका. पण ग्राहकासारखे हुरळून न जाता वर्गणीदारासारखे सावध राहा. घोषणेला पैसे देऊ नका, उभ्या राहिलेल्या जगाला द्या. वर्षाची रक्कम एकदम भरण्याआधी एक महिना पारखून घ्या. परीक्षेच्या आणि पेरणीच्या दिवसांत वर्गणी निःसंकोच थांबवा. आणि हंगामी वर्गणी, खर्चाचा हिशेब व जग बंद करण्यापूर्वीची रास्त मुदत या तीन मागण्यांचा अर्ज चालकांकडे एकेकट्याने नव्हे तर जथ्याजथ्याने करा, कारण एका माणसाचा अर्ज नामंजूर करणे सोपे असते, पण लक्षावधी वर्गणीदारांनी एकाच महिन्यात हप्ता रोखला तर तो अर्ज कोणत्याही मालकाला वाचावाच लागतो.